मनाच्या दुखण्यात गावचा सोबती

कपाशीवर नवी कीड दिसली की शेतकरी प्रथम कृषी कार्यालयाकडे धाव घेत नाही. तो बांधावरून शेजाऱ्यास हाक मारतो, पान तोडून दाखवितो आणि त्याच्याकडेही तशीच कीड आहे काय, असे विचारतो. शेजाऱ्याने गेल्या हंगामात तीच कीड सोसून पीक वाचविले असेल, तर त्याच्या शब्दाला छापील पत्रकापेक्षा अधिक वजन येते. विस्तारकार्यात मुरलेल्या प्रत्येक कार्यकर्त्यास हे ठाऊक आहे. पिकांची प्रात्यक्षिके शेतकऱ्याच्याच रानात घेण्याची पद्धत पडली, ती याच कारणाने.

मनाच्या दुखण्यात मात्र अशी हाक कोणी मारीत नाही. झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली, बैलाच्या पाठीवरून हात फिरविण्याचेही मन होत नाही, अशा अवस्थेतील शेतकरी ही गोष्ट शेजाऱ्यापासूनच नव्हे, तर घरच्यांपासूनही लपवितो. फार झाले तर "डोके जड आहे", "विचार येतात", एवढेच तो म्हणतो. पारावर येणे बंद होते, पेरणी लांबणीवर पडते, सोसायटीची नोटीस न फोडता कोनाड्यात जाते. लोक त्यास आळशी किंवा दारूच्या नादी लागलेला समजतात. त्याला स्वतःला भीती असते ती 'वेडा' या शब्दाची. हा शब्द एकदा चिकटला की मुलीचे लग्न अडेल आणि सावकारही दारात उभे करणार नाही, असे त्यास वाटते.

अशा वेळी ज्याने हेच दुखणे स्वतः भोगले आणि त्यातून जो सावरला, असा गावचाच माणूस जवळ येऊन बसला, तर बोलणे सुरू होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. या माणसास येथे 'सोबती' म्हटले आहे. तो डॉक्टर नव्हे, उपदेशकही नव्हे. त्याचे काम मर्यादित आहे. परंतु त्या मर्यादेत ते अन्य कोणास तितक्या सहजतेने करता येत नाही.

कल्पना जुनीच

ही रीत नव्याने निघालेली नाही. पॅरिस शहरातील बिसेत्र रुग्णालयात अठराव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवीत असत. तेथील विभागाची देखरेख ज्याँ-बाप्तीस्त प्यूसाँ या गृहस्थाकडे होती. तो वैद्य नव्हता. गंडमाळेच्या विकारासाठी तो पूर्वी त्याच रुग्णालयात राहिला होता आणि बरा झाल्यावर तेथेच कामास लागला होता. रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी तो बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच सेवक निवडी. कारण ते मारहाण करीत नसत आणि अधिक समजुतीने वागत. १७९३ साली तेथे आलेले प्रसिद्ध वैद्य फिलिप पिनेल यांनी त्याच्याकडून पुष्कळ शिकून घेतले. १७९७ साली प्यूसाँने तेथील साखळदंड काढले. या सुधारणेचे श्रेय पुढे बहुधा वैद्याच्याच नावावर जमा झाले, हे येथे सांगितले पाहिजे.

दारूच्या व्यसनाबाबत हेच तत्त्व अमेरिकेत १९३५ साली पुन्हा हाती लागले. अ‍ॅक्रन गावी एका व्यापाऱ्यास दारूची अनिवार ओढ लागली असता त्याने गुत्त्याकडे न वळता आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधून काढला आणि त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसला. तो दुसरा मनुष्य शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्याने आलेल्यांची सोबत करतात. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गटही चालतो. कारण घरात दारू एकजण पितो, परंतु ती सोसावी सर्वांना लागते.

विदर्भ, नाशिक व मेहसाणा येथील अनुभव

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि आहेत ते बहुतेक शहरांत. तेव्हा तालुक्याच्या गावाहून वीस मैल आत असलेल्या वस्तीवर तज्ज्ञ पोहोचेल, ही आशा व्यर्थ होय. गावात जे आहे, त्यावरच उभारणी केली पाहिजे.

अशी उभारणी अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत करून पाहण्यात आली. 'विश्राम' या नावाच्या या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावांतील सामान्य शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना थोडे प्रशिक्षण देण्यात आले. ते लहान लहान बैठका घेत, घरोघर जात, अडचणीतील माणसास प्रथम आधार देत. त्याने भागले नाही तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे, आणि त्यापुढे मनोविकारतज्ज्ञाकडे, अशी पायरीपायरीची व्यवस्था होती. कार्यक्रमापूर्वी खिन्नतेचा आजार असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाची तरी मदत घेत (४.३ टक्के). कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या भागाचे नाव देशभर झाले, त्या भागातील हे आकडे आहेत. तथापि २७ टक्के म्हणजे अद्याप चारांतील तिघे मदतीविना राहिले, हेही विसरून चालणार नाही.

या कार्यकर्त्यांपैकी प्रत्येकाने आजार स्वतः भोगला होता, असे नव्हे. ते गावचे होते, गावची बोली बोलत होते आणि दोन हंगामांत पाऊस कसा गेला हे त्यांना सांगावे लागत नव्हते, हेच त्यांचे बळ होते. सोबतीचा हा एक प्रकार होय. ज्याने स्वतः दुखणे सोसले तो याच्या आणखी एक पाऊल पुढचा. शहरातून आलेल्या समुपदेशकास "तुम्हाले नाही समजायचं" असे म्हणून वऱ्हाडातील शेतकरी तोंड फिरवितो. तेच "मले बी सहा महिने झोप नव्हती" असे कोणी म्हणाले, तर तोंड फिरविण्यास जागा राहत नाही.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य विषयक केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम प्रथम नाशिक जिल्ह्यातील एकेचाळीस गावांत आणि पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चालविला. यातही गावचेच स्वयंसेवक होते. नाशिककडे त्यांचे दोन थर होते. एक नुसते डोळे उघडे ठेवून दुःखी माणूस ओळखणारे. दुसरे अशा माणसास चार ते सहा वेळा भेटून त्याच्याशी पद्धतशीर बोलणारे. मोबाइल फोनवर लहान चित्रपट दाखवून ते विषयास तोंड फोडीत. घरातील भांडण किंवा दारू याविषयी थेट विचारले तर माणूस मिटून जातो. पडद्यावरच्या परक्या कुटुंबाविषयी मात्र तो मोकळेपणी मत देतो, आणि मत देता देता स्वतःवर येतो.

या उपक्रमातील दुसरी एक गोष्ट कृषी कर्मचाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. निराधार योजना, निवृत्तिवेतन, घरकुल यांसारख्या सरकारी लाभांचे अर्ज भरून देणे हेही स्वयंसेवकाचे काम मानले होते. हे फार शहाणपणाचे झाले. कर्ज समुपदेशनाने फिटत नाही, आणि गारपिटीने गेलेला हरभरा धीराच्या शब्दांनी परत येत नाही. रिकाम्या हाताने येऊन मन खंबीर ठेवण्यास सांगणारा मनुष्य दुसऱ्यांदा दारात उभा राहिलेला कोणास आवडत नाही. पीकविम्याच्या दाव्याची मुदत कधी संपते, कर्जाचे पुनर्गठन कोठे मागावे, पंचनाम्यात आपले गट क्रमांक बरोबर लागले किंवा नाही, हे ज्यास सांगता येते त्याचे धीराचे शब्दही ऐकले जातात.

आफ्रिकेतील एक बाक

झिंबाब्वे देशाची राजधानी हरारे येथे २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांना मानसिक उपचारांसाठी ना इमारत मिळाली, ना परिचारिका. मिळाल्या त्या चौदा आज्या, आरोग्यखात्यासाठी वस्तीत काम करणाऱ्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवण्यात आला आणि आज्या त्यावर बसून आलेल्याचे म्हणणे ऐकू लागल्या. शोना भाषेत या दुखण्यास 'कुफुंगिसिसा' म्हणतात. त्याचा अर्थ 'फार विचार होणे' असा आहे. आपल्याकडील शेतकरी "विचार येतात" म्हणतो, त्याहून हे निराळे नाही. आज्यांनी वैद्यकीय शब्द टाकून हाच शब्द ठेवला. २०१६ साली चोवीस दवाखान्यांतील पाहणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा त्रास कायम होता. बाकावर बसून गेलेल्यांत तो सुमारे सातांत एकाचा उरला.

बाकावरच्या भेटी संपल्यावर त्या माणसास एकटे सोडीत नाहीत. त्याच वाटेने पूर्वी गेलेल्यांचा एक गट असतो. त्यात त्यास नेऊन बसवितात. हे लोक एकत्र बसून टाकाऊ प्लॅस्टिकपासून पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. पिशवीचे चार पैसेही मिळतात. आपल्याकडील बचत गटांच्या बैठकीत असे होऊ शकेल, नव्हे, पुष्कळ ठिकाणी नकळत होतही असेल.

सोबत्याने काय करावे

पहिले काम ऐकण्याचे. हे सोपे वाटते, परंतु गावातील कर्त्या माणसास तेच जड जाते. समोरच्याचे दोन वाक्य होत नाहीत तोच सल्ला बाहेर पडतो. सोबत्याने पहिल्या भेटीत सल्ला देऊच नये. चावडी किंवा चहाचे दुकान टाळून शेतातील झाड, गोठा, विहिरीचा काठ, अशी कोणाचे लक्ष जाणार नाही अशी जागा निवडावी. स्वतःची हकीकत सांगावी, परंतु थोडक्यात. आपली कहाणी लांबली की समोरच्याची राहून जाते. जे कानी पडले ते त्याच्या अनुमतीविना कोणास सांगू नये. गावात एकदा बोभाटा झाला की त्या गावात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरे काम, गाडा थोडा हलविण्याचे. खिन्न माणूस उत्साह येण्याची वाट पाहत बसतो. उत्साह काम केल्यावर येतो. गोव्यात सामान्य समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींची जी पद्धत वापरून पाहण्यात आली, तिचा गाभा हाच आहे. तीव्र खिन्नतेच्या रुग्णांपैकी या पद्धतीने ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले, नेहमीच्या उपचाराने ३९ टक्के. हे निष्कर्षही २०१७ सालचेच. शेतकऱ्याच्या बाबतीत काम नेमून देणे कठीण नाही. उद्या सकाळी बैल पाण्यावर न्यावेत, परवा ठिबकच्या नळ्या धुवाव्यात, एवढे पुरे. पूर्ण शेत नांगरण्याची गोष्ट काढू नये. शक्य तर सोबत्याने त्या सकाळी स्वतः बरोबर जावे.

तिसरे, दवाखान्यापर्यंत पोहोचविणे आणि औषध टिकविणे. खिन्नतेवरील औषधाचा गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, सुस्ती असा त्रासच पुढे येतो आणि गुण मागे राहतो. बहुतेक लोक नेमके तेव्हाच गोळ्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. डॉक्टर हे सांगतातच. परंतु "पहिले दहा दिवस मलाही तसेच वाटले होते, पुढे बसते" हे वाक्य डॉक्टरास म्हणता येत नाही, ते सोबत्यासच म्हणता येते.

जीव देण्याचे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी विचारले याने ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसास एकटे सोडू नये, घरच्या एका विश्वासू व्यक्तीस सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. गुप्ततेचा नियम येथे लागू नाही. दिवस-रात्र केव्हाही १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत मराठीतूनही बोलता येते. घरातील कीटकनाशके लगेच हलवावीत. हा विषय तर सरळ कृषी खात्याचाच आहे. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात डॉ. लक्ष्मी विजयकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात सामायिक कोठार बांधून प्रत्येक शेतकऱ्यास कुलपाची पेटी दिली, म्हणजे औषध घरात राहावयासच नको. जिवावरचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काही नसले, तर माणूस वाचतो. गावकोठार होईतो निदान कुलूप असलेली पेटी आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढे तरी करावे.

प्रयत्न केलेल्या माणसास पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेणारी घरे अजून आढळतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच सामान्यतः गृहीत धरले जाते आणि त्यास काळजी व उपचार पुरविणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. ही माहिती प्रत्येक ग्रामसभेत सांगण्यासारखी आहे.

कोठे थांबावे

काही गोष्टी सोबत्याच्या नव्हेत. कानांत आवाज येतात असे म्हणणारा, शेजारी विष घालतात अशा संशयाने घेरलेला, अनेक रात्री न झोपता बडबड करणारा, अशा माणसास समजूत घालीत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. दारूविषयी तर विशेष सावध राहावे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येणे, असे प्रकार होऊन जिवास धोका संभवतो. पोळ्याच्या दिवशी गावकऱ्यांसमोर शपथ घ्यावयास लावणे ही म्हणूनच चांगली रीत नव्हे. दारू सोडवावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोबत्याचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते लांब चालते.

सोबतीचे गुणगान करतानाही माप हातात असावे. आजार भोगलेल्या कार्यकर्त्यांविषयी झालेल्या प्रयोगांचा कॉक्रेन आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. मानसिक आरोग्यसेवेत नेमलेल्या अशा कार्यकर्त्यांच्या कामाचे फळ व्यावसायिक कर्मचाऱ्यांच्या कामापेक्षा चांगलेही नव्हते व वाईटही नव्हते, असे त्यात दिसले. जेथे व्यावसायिक कर्मचारी पोहोचतच नाहीत, तेथे हे फळ लहान नव्हे. परंतु सोबती मिळाला म्हणून जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाची जागा रिकामी ठेवावयास हरकत नाही, असा अर्थ कोणी काढील, तर तो सोबत्यावरही अन्याय होईल आणि रोग्यावरही.

सोबत्याचे स्वतःचे मन काचेचे नसले तरी ते दगडाचेही नाही. दुसऱ्याचे दुःख ऐकता ऐकता त्याचे जुने दुखणे डोके वर काढू शकते. म्हणून त्याच्याकडे एका वेळी तीन-चारांहून अधिक माणसे देऊ नयेत. महिन्यातून दोनदा तरी त्याने आरोग्य केंद्रातील कोणा जबाबदार व्यक्तीपाशी बसून आपले मन मोकळे करावे. त्याचे स्वतःचे औषध चालू असेल तर ते चालूच राहावे. जाण्यायेण्याचा खर्च व बुडालेली मजुरी त्यास मिळावी. ज्याने दुष्काळ आणि आजार दोन्ही सोसले, त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा करणे बरे नव्हे. आणि त्यास सभेत उभे करून 'हा पाहा बरा झालेला' असे प्रदर्शन मांडू नये. आपली हकीकत कोणास, केव्हा आणि किती सांगावयाची, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच.

स्त्रियांसाठी स्त्री सोबती हवी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. गोव्यात गरोदर व बाळंत स्त्रियांसाठी त्यांच्याच भागातील स्त्रियांना असे काम शिकविण्यात आले होते. नवरा गमावलेली शेतकरी स्त्री सातबारावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे, कर्जासाठी सोसायटीकडे आणि घरात सासरच्या माणसांकडे अशा तीन दारी उभी असते; तिचे म्हणणे त्याच दारांतून गेलेली दुसरी बाई जितके समजेल, तितके कोणास समजणार?

सुरुवात कोणी करावी? राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा आशा सेविकांकडून घरोघर पाहणी करून घेण्याची पद्धत बसविली. त्यामुळे आशा सेविकेस या कामाची तोंडओळख असते. गावात फिरणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याने प्रथम तिची गाठ घ्यावी. पंचनाम्यास गेले असता जो शेतकरी स्वतःच्या नुकसानीविषयीही बोलावयास पुढे येत नाही, त्याचे नाव मनात ठेवावे आणि दोन दिवसांनी काही निमित्त काढून पुन्हा जावे. सोबती म्हणून कोणास निवडावे हे मात्र कर्मचाऱ्याने ठरवू नये. कोणाचा आजार बरा झाला हे वैद्यकीय अधिकाऱ्यास ठाऊक असते. त्यानेच त्या माणसास एकांतात विचारावे. तो नको म्हणाला तर तेथेच थांबावे. होय म्हणाला तर पहिली भेट डॉक्टर, आशा सेविका व तो अशी तिघांची व्हावी, आणि ती आरोग्य केंद्रातच, बाजाराचा दिवस सोडून.